कॅरिबियनमध्ये शिडाच्या बोटीने बेटं फिरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रेनेडीन्सला तीनदा जाऊन आल्यापासून ओळखीचे आणि अनोळखी लोक मला सतत प्रश्न पाठवतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. माझा अनुभव मुख्यतः सेंट व्हिन्सेंट ते ग्रेनेडा या पट्ट्यातला आहे, त्यामुळे उत्तरांचा भरही तिथेच आहे.

१. बोटीने बेटं फिरणं म्हणजे नक्की काय? क्रूझपेक्षा वेगळं काय असतं?

क्रूझचं जहाज हजारो माणसं घेऊन रात्री चालतं आणि सकाळी मोठ्या धक्क्याला लागतं. इथे बोट साधारण ४० फुटांची, माणसं सहा ते आठ. दिवसा शीड उभारून चालायचं आणि दुपारी एखाद्या वाऱ्याआडच्या उपसागरात नांगर टाकून मुक्काम करायचा. झोपायचं, जेवायचं, आंघोळ करायची ती बोटीवरच. किनाऱ्यावर जायला मागे बांधलेली रबरी डिंगी असते. वेग ५ ते ७ नॉट, म्हणजे ताशी ९ ते १३ किलोमीटर. नकाशावर बोटभर दिसणाऱ्या अंतराला अर्धा दिवस लागतो, हे आधीच मनाशी धरून चला.

२. एवढी बेटं आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

बहुतेक लोक दोनपैकी एक भाग निवडतात. ब्रिटिश व्हर्जिन बेटांत बेटं दाटीवाटीने आहेत, मधली सर फ्रान्सिस ड्रेक खाडी आडोशाची आहे आणि पुढचं बेट बहुतेक वेळ डोळ्यासमोर असतं. शिकाऊ माणसाला तिथे हायसं वाटतं. ग्रेनेडीन्सची माळ सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा यांच्यामध्ये आहे. तिथे दोन बेटांमधला समुद्र उघडा असतो, लाट अटलांटिकची असते आणि गावं अजून मासेमारांची आहेत.

मी ग्रेनेडीन्सच सुचवते. कोकण पाहिलेल्या माणसाला तिथली माणसं आणि बंदरं फार लवकर आपली वाटतात. मात्र बरोबर कोणीच अनुभवी नसेल तर व्हर्जिन बेटं घ्या, किंवा प्रश्न ४ प्रमाणे तांडेल, म्हणजे बोट चालवणारा माणूस, बरोबर घ्या.

३. कोणत्या महिन्यात जावं?

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम. ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबर सगळ्यात धोक्याचा. 'ग्रेनेडा फार दक्षिणेला आहे, तिथे वादळ येत नाही' असं पूर्वी सर्रास म्हणत. सप्टेंबर २००४ मध्ये इव्हान वादळाने ते खोटं ठरवलं.

डिसेंबरपासून मेपर्यंत कधीही जाता येतं, पण या महिन्यांतही फरक आहे. शाळेच्या भूगोलात आपण जे ईशान्य व्यापारी वारे शिकलो, तेच इथे रोज अनुभवायला मिळतात. एरवी ते १५ ते २० नॉटने वाहतात. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी त्यांना जोर चढतो आणि २५ नॉट किंवा अधिक वारा आठवडाभर टिकू शकतो. तिथे त्याला ख्रिसमसचे वारे म्हणतात. मुलांना किंवा आईवडिलांना नेणार असाल तर मार्चअखेर ते मे हा काळ उत्तम: वारा मऊ, गर्दी कमी आणि भाडंही उतरलेलं.

४. मला बोट चालवता येत नाही. तरी जाता येईल?

येईल. बोट दोन प्रकारे मिळते. नुसती बोट घेतली तर चालवायची तुम्हीच. त्यासाठी कंपनी तुमचा शीड चालवण्याचा अनुभव लेखी मागते. ब्रिटनच्या आरवायएचं डे स्किपर किंवा अमेरिकेच्या एएसएचं १०४ हे प्रमाणपत्र असेल तर काम सोपं होतं. दुसरा प्रकार तांडेलासकट बोटीचा. मोठ्या बोटीवर स्वयंपाकीही मिळतो.

मी पहिल्या खेपेला मुंबई बंदरात तीन हंगाम शीड मारून गेले होते, तरीही स्थानिक तांडेल घेतला. ग्रेनेडीन्समधल्या बेक्वे बेटाच्या खाडीत शिरताना त्याने पाण्याचे रंग दाखवले, 'इथे वाळू, तिथे गवत, तो तपकिरी डाग प्रवाळाचा'. कागदी नकाशावर ते मला कधीच इतकं स्पष्ट दिसलं नसतं. त्याचा रोजचा पगार, त्याचं जेवण आणि त्याला झोपायला जागा हे हिशेबात धरा. तांडेल आणि स्वयंपाकी दोघंही असलेल्या बोटीवर भाड्याच्या १५ ते २० टक्के बक्षिसी द्यायची तिथे रीत आहे.

५. एका सांगाड्याची बोट घ्यावी की दोन सांगाड्यांची कॅटमरॅन?

म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा बोट लागणारं कोणी असेल तर कॅटमरॅन. ती कलत नाही, ताटातली आमटी ताटातच राहते. वाऱ्यावर स्वार झाल्याची खरी मजा हवी असेल तर एका सांगाड्याची. ती कलते आणि सुकाणूवर हात ठेवला की बोटीचं सगळं म्हणणं हाताला कळतं. शिवाय स्वस्तही पडते.

६. पोहता येत नाही. चालेल का?

चालेल, पण लाइफ जॅकेट अंगावरून काढायचं नाही, डिंगीत तर मुळीच नाही. डिंगीत चढता-उतरताना तोल सहज जातो. निघण्याआधी दोन महिने तलावात जाऊन निदान पाण्यावर तरंगायला शिका. टोबॅगो कीज या ग्रेनेडीन्समधल्या छोट्या बेटांपाशी छातीभर पाण्यात कासवं चरताना दिसतात आणि ती न पाहता परत यायचं म्हणजे जिवाला चुटपुट लागते.

७. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

ग्रेनेडा, सेंट व्हिन्सेंट व ग्रेनेडीन्स, डॉमिनिका आणि ब्रिटिश व्हर्जिन बेटं इथे अल्प मुक्कामासाठी भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. मार्तिनिक आणि ग्वादलूप ही बेटं फ्रान्सची असली तरी शेंगेन क्षेत्रात नाहीत, त्यामुळे 'माझ्याकडे शेंगेन आहे' एवढ्यावर तिकडे बोट वळवू नका. अमेरिकन व्हर्जिन बेटांना अमेरिकेचा व्हिसा लागतो. ती ब्रिटिश बेटांच्या इतकी शेजारी आहेत की बेत आखताना चूक सहज होते.

नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा. वाटेत जिथे विमान बदलायचं तिथला ट्रान्झिट व्हिसाही तपासा. मुंबईहून थेट विमान नाही. आणि एक बारीक गोष्ट: तिकिटावर ग्रेनेडा हेच बेट असल्याची खात्री करा, विमानतळाचा कोड जीएनडी. स्पेनमध्ये ग्रॅनडा नावाचं शहर आहे आणि स्पेलिंगात एकाच अक्षराचा फरक आहे.

८. प्रत्येक बेटावर पासपोर्ट दाखवावा लागतो का?

प्रत्येक बेटावर नाही, प्रत्येक देशात. बेक्वे, मायरो, टोबॅगो कीज, युनियन हे सगळं सेंट व्हिन्सेंट व ग्रेनेडीन्स या एकाच देशात येतं. युनियनच्या दक्षिणेला जेमतेम ८ सागरी मैलांवरचं कॅरियाकू मात्र ग्रेनेडा देशात. म्हणून युनियनमधल्या क्लिफ्टनला देश सोडल्याचा शिक्का घ्यायचा आणि कॅरियाकूला पोहोचून नव्या देशात नोंद करायची.

नव्या देशाच्या पाण्यात शिरलं की उजव्या बाजूला पिवळा झेंडा चढवायचा. नोंद होईपर्यंत फक्त कप्तानाने कागद घेऊन किनाऱ्यावर जायचं, बाकीच्यांनी बोटीवरच थांबायचं. नोंद झाली की पिवळा झेंडा उतरवून त्या देशाचा चढवायचा. सेलक्लिअर नावाच्या यंत्रणेत माहिती आधी भरून ठेवली की कार्यालयातलं लिहिणं वाचतं. तिथे नीटनेटके कपडे घालून जा. पोहण्याच्या कपड्यांत सरकारी कार्यालयात गेलेलं तिथल्या लोकांना आवडत नाही, आणि ते रास्तच आहे.

चलन दोन्ही देशांत पूर्व कॅरिबियन डॉलर. १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर ठरलेला आहे. भाव विचारताना 'ईसी की यूएस?' हे आधी विचारा.

९. आठवड्याभराचा मार्ग सांगा ना.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्या दिवशी सेंट व्हिन्सेंटच्या दक्षिण टोकाहून बेक्वे. अंतर सुमारे ९ सागरी मैल, पण मधल्या खाडीत वारा आणि प्रवाह दोन्ही जोरदार असतात. शीड आधीच थोडं गुंडाळून निघा. बेक्वेच्या ॲडमिरल्टी बेमध्ये दोन रात्री काढा. पोर्ट एलिझाबेथला बोटींच्या लाकडी प्रतिकृती कोरणारे कारागीर आहेत. त्यांच्या ओट्यावर अर्धा तास बसा. रंधा मारताना खाली पडणारा तो भुसा आणि बोटीच्या पोटाचा बाक डोळ्याने जोखणारा तो माणूस पाहिला की मालवणकडचा होडी बांधणारा सुतारच आठवतो.

तिसऱ्या दिवशी मायरो, सुमारे २५ सागरी मैल. सकाळी आठला निघालात तर बाराच्या सुमारास पोहोचता. मायरोवर साधारण ३०० माणसं राहतात. टेकडीवरच्या दगडी चर्चच्या मागे उभं राहिलं की खाली टोबॅगो कीज पूर्ण दिसतात. दुसऱ्या दिवशी कुठून शिरायचं ते तिथूनच मनात पक्कं करा.

चौथा आणि पाचवा दिवस टोबॅगो कीज. पाच निर्जन बेटं, त्यांच्या पूर्वेला घोड्याच्या नालाच्या आकाराची प्रवाळाची भिंत आणि त्यापलीकडे थेट आफ्रिका. भिंतीवर लाटा फुटतात आणि आत तुमची बोट निळ्या-हिरव्या पाण्यात उभी असते. वारा मात्र अडत नाही, रात्रभर डोलकाठीवरच्या दोऱ्या वाजत राहतात. हे सागरी उद्यान आहे, शुल्क भरावं लागतं. बॅरडाल बेटासमोरच्या भागात कासवं समुद्री गवत खायला येतात. हातभर अंतरावर येतील, पण हात लावायचा नाही, वरून पोहायचं नाही.

सहाव्या दिवशी युनियनला कागद करून कॅरियाकू. तिथल्या विंडवर्ड गावात लाकडी शिडाच्या बोटी पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावरच बांधल्या जातात. ही कला २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. सातव्या दिवशी ग्रेनेडाचं सेंट जॉर्जेस, सुमारे ३० सागरी मैल. या टप्प्यासाठी प्रश्न १६ वाचाच.

आठ दिवसांत सेंट लुसियाही बसवायचा मोह होतो. नका करू. रोज पन्नास मैल कापले तर पाण्यात उतरायलाच वेळ उरत नाही.

१०. हाच मार्ग उलटा, ग्रेनेडाहून वर केला तर?

करता येतो, पण अवघड पडतो. वारा पूर्व-ईशान्येकडून येतो आणि प्रवाह पश्चिमेकडे ओढतो. खाली येताना वारा पाठीशी किंवा बाजूला असतो. वर जाताना तो नाकावर येतो, बोट आपटत जाते. एका दिशेची बोट घेऊन ती दुसऱ्या बेटावर सोडायची मुभा काही कंपन्या जादा पैसे घेऊन देतात. माझ्या मते ते पैसे सार्थकी लागतात. मात्र प्रश्न १७ पाहा.

११. मला बोट लागते. काय करू?

गोळी निघण्याआधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. कोणती ते डॉक्टरांना विचारा आणि घरी एकदा घेऊन पाहा, कारण काहींना फार झोप येते. पोट रिकामं ठेवू नका. आलेपाक आणि कोरडी बिस्किटं खिशात असू द्या. केबिनमध्ये न जाता बाहेर बसा, क्षितिजाकडे पाहा. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे सुकाणू हातात घेणं. बहुतेकांचा त्रास दुसऱ्या दिवशी उतरतो.

१२. मी मुंबई-कोकणात बोट चालवते. तिथे वेगळं काय सांभाळायचं?

दोन सवयी बदलाव्या लागतात. पहिली भरती-ओहोटीची. मुंबईत उधाणाला पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं, आपलं सगळं वेळापत्रक त्यावर चालतं. तिथे फरक अर्ध्या मीटरच्या आसपास. पण याचा एक तोटा आहे: खडकावर किंवा प्रवाळावर बोट टेकली तर भरती येऊन उचलेल ही आशा ठेवता येत नाही.

दुसरी सवय बोयांच्या, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, रंगांची, आणि ती फार महत्त्वाची. भारतात समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतो. कॅरिबियनमध्ये अमेरिकेची पद्धत आहे, तिथे शिरताना लाल उजवीकडे. वर्षानुवर्षांची सवय थकलेल्या डोक्याने बरोबर उलटी वापरली जाते. मी सुकाणूशेजारी 'लाल उजवीकडे' अशी चिठ्ठी चिकटवते.

प्रवाळातून जाताना यंत्रावर विसंबू नका. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना, म्हणजे साधारण दहा ते तीनच्या दरम्यान, पोलराइज्ड चष्मा लावून एकाने नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभं राहायचं. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे उथळ वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ. सूर्य समोर आला की हे काहीच दिसत नाही. अंधार सहाच्या सुमारास पडतो, तोही झपाट्याने.

१३. रात्री नांगर सुटला तर?

माझा सुटला आहे, म्हणून कळकळीने सांगते. बेक्वेला संध्याकाळी पाचला पोहोचलो, चांगल्या जागा भरलेल्या होत्या. गवताच्या पट्ट्यावर नांगर टाकला, साखळी ताणलेली वाटली आणि पाण्यात उतरून पाहायचा कंटाळा केला. रात्री दोनला वाऱ्याचा झोत आला. शेजारच्या बोटीवरून शिट्टी ऐकू आली तेव्हा आमची बोट त्यांच्यापासून दोन वाव अंतरावर होती. इंजिन लगेच सुरू झालं म्हणून निभावलं.

तेव्हापासूनचा माझा शिरस्ता असा. दुपारी दोनच्या आत पोहोचायचं. गवत आणि प्रवाळ टाळून पांढऱ्या वाळूवरच नांगर टाकायचा. पाण्याची खोली आणि नाळेची उंची मिळवून त्याच्या किमान पाचपट साखळी सोडायची, वारा असेल तर सातपट. ४ मीटर पाणी आणि १ मीटर नाळ असेल तर २५ ते ३५ मीटर साखळी. मग इंजिन उलटं चालवून ओढ द्यायची आणि पोहण्याचा मुखवटा लावून खाली जाऊन नांगराचं पातं वाळूत पुरलंय का ते डोळ्यांनी पाहायचं. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवायच्या. रात्री जाग आली की त्याच आधी पाहायच्या.

१४. बोटीजवळ येणारे विक्रेते त्रास देतात का?

लहान होड्यांतून माणसं येतात. पाव, फळं, मासळी, बर्फ विकतात, बोट बांधायची बोया पकडायला मदत करतात. ही त्यांची रोजीरोटी आहे. भाव आधी ठरवा, नको असेल तर हसून स्पष्ट 'नो, थँक यू' म्हणा आणि 'गुड मॉर्निंग' केल्याशिवाय कामाचं बोलू नका. अभिवादन न करता बोलणं तिथे उद्धटपणा समजतात. कोणाच्याही मालकीची नसलेली बोया पैसे घेऊन दिली जाऊ शकते, म्हणून ती तळाशी कशी बांधली आहे ते पाहिल्याशिवाय रात्र काढू नका.

१५. शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय? मासे पकडून खाल्ले तर?

उपाशी राहणार नाही. ग्रेनेडात १८५७ पासून आणि सेंट व्हिन्सेंटला १८६१ पासून भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांच्यामागे राहिलेली रोटी आज सगळ्यांचीच झाली आहे. चना-बटाट्याची रोटी मागा. कॅलालू म्हणून जी भाजी किंवा सूप मिळतं ते अळूच्याच पानांचं, चवीला आपल्या फदफद्याच्या जवळचं, पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस नाही ना हे विचारून घ्या. ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस. कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये त्याची रोपं सेंट व्हिन्सेंटला आणली. निखाऱ्यावर अख्खा भाजलेला खाऊन पाहा. बाजारात 'सॅफरन' म्हणून जी पिवळी पूड मिळते ती बहुधा हळदच असते.

घरून सीलबंद मसाले आणि तीन लिटरचा कुकर न्या. झाकण बंद असल्याने हेलकाव्यात खिचडी सांडत नाही आणि गॅसही वाचतो.

मासळी खाणाऱ्यांसाठी: मोठा बॅराकुडा आणि प्रवाळावरचे मोठे मासे खाऊन सिग्वाटेरा ही विषबाधा होऊ शकते. ते विष शिजवून जात नाही. स्थानिक कोळी जे खातात तेच घ्या. टोबॅगो कीज उद्यानात गळ टाकायलाही बंदी आहे.

१६. समुद्राखाली ज्वालामुखी आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे. ग्रेनेडाच्या उत्तरेला सुमारे ८ किलोमीटरवर किक 'एम जेनी आहे. १९३९ मध्ये त्याचा उद्रेक पहिल्यांदा नोंदला गेला. कॅरियाकूहून ग्रेनेडाला येणारी सरळ रेषा त्याच्या जवळूनच जाते. त्याच्याभोवती १.५ किलोमीटर कायम प्रवेशबंदी असते आणि हालचाल वाढली की ती ५ किलोमीटर होते. कारण केवळ उद्रेकाचं नाही. तळातून वायूचे बुडबुडे आले की पाण्याची घनता कमी होते आणि बोट तरंगत नाही. निघण्याच्या सकाळी इशाऱ्याची पातळी पाहा.

१७. विमानाने एका देशात जाऊन बोटीने दुसऱ्या देशात उतरणार आहे. परतीचं तिकीट मागतील का?

मागतात, कधी मुंबईच्या चेक-इन खिडकीवरच. सेंट व्हिन्सेंटला उतरून ग्रेनेडाहून परतणार असाल तर ग्रेनेडाचं परतीचं तिकीट, बोटीचा करार आणि तुमचं नाव असलेली खलाशांची यादी छापून जवळ ठेवा. मधेच कोणी बोट सोडून विमानाने जाणार असेल तर त्याचं नाव यादीतून इमिग्रेशनमध्ये जाऊन कमी करावं लागतं. जबाबदारी कप्तानाची असते.

१८. २०२४ च्या वादळानंतर तिथे जाणं बरोबर आहे का?

१ जुलै २०२४ ला बेरिल वादळाने कॅरियाकू, पेटीट मार्टिनिक (हे ग्रेनेडा देशातलं छोटं बेट, फ्रान्सचं मार्तिनिक नव्हे), युनियन आणि मायरो उद्ध्वस्त केली. छपरं उडाली, खारफुटीत आसऱ्याला बांधलेल्या बोटी एकमेकींवर चढल्या. जा, असंच मी म्हणेन, कारण या बेटांचं पोट पर्यटकांवर आणि मासळीवर आहे. मात्र जुन्या मार्गदर्शिकेतली दुकानं, जेटी, कार्यालयं गृहीत धरू नका. पाणी आणि धान्य मोठ्या बेटावर भरून घ्या, म्हणजे छोट्या बेटाच्या साठ्यावर ताण येत नाही. ताजं काही मिळालं तर तिथेच विकत घ्या.

१९. नेहमी विसरल्या जाणाऱ्या गोष्टी कोणत्या?

मँचिनील नावाचं झाड किनाऱ्यावर असतं. फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं दिसतं, पण ते विषारी आहे. चीक अंगावर पडला तर फोड येतात, म्हणून पाऊस आला तरी त्याखाली उभं राहू नका. मुलांना पहिल्याच दिवशी झाड दाखवा.

आणि लष्करी छापाचे कपडे. ग्रेनेडा, सेंट व्हिन्सेंट आणि आसपासच्या बऱ्याच देशांत सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने मना आहे, लहान मुलांनीसुद्धा. भाच्याची तशी टोपी आम्हाला विमानतळावरच बॅगेच्या तळाशी ठेवावी लागली होती.